शंभराच्या बिलातले साडेचार रुपये

रविवारी संध्याकाळी बाणेरच्या डीमार्टमध्ये बिलिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला डीमार्टचा शेअर महाग आहे हे पटवून देणं जवळपास अशक्य. पुरावा त्याच्या पुढे आणि मागे उभाच असतो. ट्रॉल्या ओसंडतायत, पार्किंग मिळालं नाही म्हणून कुणाचा तरी नवरा गाडीतच बसून राहिलाय, पोरं चॉकलेटच्या स्टँडपाशी हट्टाला पेटलीयत, आणि तरी कुणी रांग सोडून जात नाही. एवढा गल्ला जमवणाऱ्याचा शेअर घ्यायचा नाही तर कुणाचा घ्यायचा? माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, महिन्याला चार पैसे बाजूला टाकतो. त्याने मला नेमका हाच प्रश्न टाकला. "मामा, तुम्ही दुकानदारांचेच हिशोब लिहिता ना? मग सांगा की, घेऊ का नको?"

लिहितो खरे. रविवार पेठ, नाना पेठ, भवानी पेठ इथल्या किराणा-भुसारवाल्यांच्या वह्या (आता टॅली, पण आम्ही अजून वह्याच म्हणतो) हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे गर्दीबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही. गर्दी विक्री दाखवते. नफा तिच्या मागे असतो किंवा नसतो. बिग बझारचा २६ जानेवारीचा सेल ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००६ पासून दर प्रजासत्ताक दिनाला तिथे जी झुंबड उडायची, तशी मी लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या रविवारीही क्वचित पाहिली असेल. २०२२ च्या फेब्रुवारीत, भाडी थकलेली त्यातली शेकडो दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि जुलैत बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. गर्दी शेवटपर्यंत होती.

म्हणून भाच्याला म्हटलं, रांग विसर, कागद घे.

आमच्या पेठेत चालतं दुकान विकायला निघतं तेव्हा किंमत ठरवायची पद्धत साधी आहे. आधी माल मोजतात, खरेदीभावाने. मुदत उलटलेला, उंदरांनी कुरतडलेला, तीन वर्षं फळीवर पडून असलेला काढून टाकतात. जागेचं डिपॉझिट किंवा पागडी वेगळी. उधारीची वही घेणारा सहसा घेतच नाही, ती विकणाऱ्याने वसूल करायची. आणि या सगळ्यावर गुडविल म्हणून दोन-तीन वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम, फारच मोक्याचा कोपरा असेल तर पाच. पाचच्या वर मागणाऱ्याला "शेठ, चहा घ्या" म्हणून उठवतात. म्हणजे बघा, आमच्या शेठजींनाही पीई कळतो. किमतीला वर्षाच्या नफ्याने भागायचं, की किती वर्षांचा नफा आज एकरकमी मोजतोय ते समजतं.

आता डीमार्ट चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सचे मार्च २०२५ अखेरचे आकडे घ्या. विक्री ५९,३५८ कोटी. निव्वळ नफा २,७०७ कोटी. शेअर सुमारे ६५ कोटी, म्हणजे एका शेअरमागे नफा साधारण ४१ रुपये ६० पैसे. त्या महिन्याच्या शेवटी शेअरचा भाव ४,०८० च्या आसपास होता. भागाकार केला की ९८ येतात. अठ्ठ्याण्णव वर्षांचा नफा! हा आकडा मी रविवार पेठेत मोठ्याने वाचला असता तर लोकांनी मला पाणी आणून दिलं असतं.

भाच्याच्या मोबाइलवर मात्र ९१ दिसत होते. शेअर तोच, दिवसही तोच. ही गंमत अनेकांच्या लक्षात येत नाही. एक हिशोब फक्त मूळ कंपनीचा असतो, स्टँडअलोन. त्यात नफा २,९२७ कोटी. दुसरा उपकंपन्या धरून, कन्सॉलिडेटेड. मधले दोनशेवीस कोटी प्रामुख्याने ऑनलाइन किराण्याच्या, डीमार्ट रेडीच्या तोट्यात गेले. शेअर घेणारा त्या तोट्याचाही भागीदार असतो, तेव्हा स्टँडअलोन आकड्यावर खूश होणं म्हणजे थोरल्या मुलाचा पगार सांगून धाकट्याचं कर्ज लपवण्यातला प्रकार. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर एकाच शेअरचे दोन पीई दिसले की आधी हे तपासावं.

पण ९८ म्हणजे महाग, असं म्हणून विषय मिटत नाही. मिटला असता तर मीही हा लेख इथे थांबवला असता. कारण हा शेअर जन्मापासून महागच आहे. राधाकिशन दमाणी यांची बाजारातली ख्याती स्वस्तात चांगलं हेरणारा गुंतवणूकदार अशी. त्यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेही स्वस्त मालाचं. आणि त्यांच्या कंपनीचा शेअर मात्र कधी कुणाला स्वस्तात मिळाला नाही. अपवाद फक्त आयपीओचा, म्हणजे लोकांना केलेल्या पहिल्या शेअरविक्रीचा. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना शेअर देऊ केला, त्यावर शंभरपटीहून अधिक अर्ज पडले, आणि २१ मार्चला नोंदणीच्या दिवशीच भाव ६४० वर जाऊन बसला. त्या आर्थिक वर्षाचा नफा ४७९ कोटी होता. नव्या शेअरांसकट वाटला तर शेअरमागे पावणेआठ रुपयांच्या जरा आत. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी पीई ८३.

तेव्हा ८३ ला महाग म्हणून सोडून दिलेल्यांनी पुढे काय पाहिलं? ऑक्टोबर २०२१ मध्ये भाव ५,९०० च्या जवळ. साडेचार वर्षांत नऊपट. इथे बरेच जण वही मिटतात आणि निष्कर्ष काढतात की पीई वगैरे सब झूट, चांगला धंदा कुठल्याही भावाला घ्यावा. मला मात्र त्या नऊपटीची फोड करावीशी वाटते, कारण हिशोब लिहिणाऱ्याला एकूण आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नसते. त्या आर्थिक वर्षाचा, म्हणजे मार्च २०२२ अखेरचा, नफा १,४९२ कोटी झाला; शेअरमागे सुमारे २३ रुपये. पावणेआठाचे तेवीस म्हणजे तिप्पट. धंदा तिप्पट झाला. मग भाव नऊपट कसा? उरलेली तिप्पट पीईची. ८३ चा पीई २५६ झाला. तीन गुणिले तीन. अर्धं श्रेय दुकानाचं आणि अर्धं दुकानाकडे बघणाऱ्यांच्या उत्साहाचं, आणि दोन्ही एकाच भावात मिसळून आलेलं. डीमॅट खात्यात हिरवा आकडा एकच दिसतो, त्याची दोन खाती कुणी करत नाही.

पुढची साडेतीन वर्षं ही फोड उलटी चालली. शेअरमागचा नफा २३ वरून ४१.६० झाला, पावणेदोन पटीहून जास्त. दुकानं मार्च २०२२ ला २८४ होती ती ४१५ झाली. कुठेही घोटाळा नाही, कर्जाचा डोंगर नाही, व्यवस्थापनाने काही गोंधळ घातलेला नाही. पण पीई २५६ वरून ९८ वर आला, आणि पावणेदोनपट नफ्याला त्याने खाऊन टाकलं. ५,९०० ला घेणाऱ्याचे मार्च २०२५ मध्ये तीस टक्के गेलेले होते. धंद्यावर त्याचा विश्वास बरोबर होता, दुकान त्याने नीट ओळखलं होतं. त्याने फक्त पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच विकत घेतली होती.

इथे भाच्याने विचारलं, "पण मग चढ्या पीईचा कंपनीला काय फरक पडतो? पैसे तर आपण एकमेकांना देतो." प्रश्न चांगला होता. बहुतेक वेळा खरंच काही फरक पडत नाही. पण फेब्रुवारी २०२० ची गोष्ट बघण्यासारखी आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे प्रवर्तकांचा, म्हणजे मूळ मालकांचा, हिस्सा ७५ टक्क्यांवर आणायचा होता. कंपनीने मोठ्या संस्थांना २ कोटी नवे शेअर २,०४९ रुपयांना विकले आणि सुमारे ४,०९८ कोटी उभे केले. शेअरमागचा नफा तेव्हा वीस रुपयांच्या आसपास. म्हणजे शंभराच्या पीईला. त्याआधीच्या मार्चला कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) साडेपाच हजार कोटींच्या घरात होतं. इतक्या वर्षांत जमलेल्या भांडवलाच्या पाऊण हिश्श्याएवढे पैसे, आणि त्यासाठी मालकी किती सोडली? तीन टक्क्यांच्या जवळपास. घेणाऱ्याला जो पीई महाग, तोच विकणाऱ्याला स्वस्त भांडवल. रविवार पेठेतल्या दुकानदाराला बँक तारण मागते, जामीनदार मागते, वर साडेअकरा टक्के मागते. चढा पीई असलेल्या कंपनीला बाजार नुसता पैसे देतो. त्यातून जमिनी येतात, दुकानं येतात. म्हणजे बाजाराचा उत्साह कधीकधी खरोखरच धंद्यात उतरतो.

आता नफ्याकडे जरा जवळून बघू. २,७०७ भागिले ५९,३५८. शंभर रुपयांच्या बिलावर साडेचार रुपयांच्या जरा वर, ४ रुपये ५६ पैसे. बाकीचे मालात, पगारात, विजेत, घसाऱ्यात, करात गेले. हे साडेचार ऐकून भाच्याचा चेहरा पडला, त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत याला कुणी नफाच म्हणणार नाही. पण किराण्यात हे उत्तम आहे. जगातली सगळ्यात मोठी रिटेल कंपनी, वॉलमार्ट, जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात ६८१ अब्ज डॉलरच्या विक्रीवर १९.४ अब्ज डॉलर कमावते. शंभराला पावणेतीनच्या जरा वर. वॉलमार्टचा पीई त्याच सुमारास ३६ च्या आसपास होता. या दोन गोष्टी गुणल्या की तिसरं गुणोत्तर मिळतं: किंमत आणि विक्री यांचं. वॉलमार्टच्या एका डॉलरच्या वार्षिक विक्रीसाठी बाजार तेव्हा साधारण एक डॉलर मोजत होता. डीमार्टच्या एका रुपयाच्या विक्रीसाठी साडेचार रुपये. अमेरिकेत वॉलमार्टला नवं गाव शोधायला लागतं आणि आपल्याकडे अजून अख्खी शहरं मोकळी आहेत, हे कारण मान्य. पण ते कारण साडेचारपट वजनाचं आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे साडेचार रुपये येतात कुठून, ते दुकानात उभं राहून कळतं, आणि गर्दीचा उपयोग असलाच तर इथे आहे. खालच्या मजल्यावर डाळ, तेल, साखर, आटा. यावर सुटतं ते नगण्य. गिऱ्हाइकाला आत आणण्यासाठी ते ठेवलेलं असतं. कमाई वरच्या मजल्यावर. चादरी, स्टीलचे डबे, बादल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, मुलांचे कपडे. मी गेलो की सवयीने दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावतो (बायको लाजेने पुढे निघून जाते). तेलाच्या पिशव्यांवर एखादा टॉवेलचा जोड, एखादा डबा दिसला की समजावं, या घराने दुकानाला थोडं कमवून दिलं. कोविडआधी जनरल मर्चंडाइझ आणि कपडे यांचा विक्रीतला वाटा २७ टक्क्यांच्या आसपास होता. नंतर तो २२-२३ वर आला आणि तिथेच रेंगाळला. आणि निव्वळ नफ्याचं प्रमाण? मार्च २०२० अखेर शंभराला ५ रुपये २३ पैसे होतं, मार्च २०२५ अखेर ४ रुपये ५६. ट्रॉलीतून टॉवेल कमी झाला की ताळेबंदात असा दिसतो. दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपांच्या भीतीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाहीच्या निकालानंतर शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त आपटला. मला ती भीती डाळीपेक्षा टॉवेलसाठी जास्त खरी वाटते. माणूस दुकानात पाऊलच टाकेनासा झाला, तर वरच्या मजल्यावर जाणार कोण?

दुसरी गोष्ट ट्रॉलीत दिसत नाही, ती माझ्या धंद्यातली आहे. पुरवठादाराचे पैसे. आमच्याकडे महिना-दीड महिन्याची उधारी हा रिवाज, आणि रोख देणाऱ्याला बिलातून सीडी, म्हणजे रोखीची सूट, कापून मिळते. डीमार्ट आठवड्याच्या आसपास पैसे चुकते करतं. मोठ्या रिटेल कंपन्यांची नेहमीची चाल उलटी: माल आज घ्या, विका, आणि माल देणाऱ्या कंपनीला दोन महिन्यांनी पैसे द्या, तोवर तिच्याच पैशावर धंदा करा. डीमार्ट तो फायदा सोडतं आणि बदल्यात भाव पाडून घेतं. भवानी पेठेतले जुने व्यापारीही हेच सांगतात की रोखीच्या गिऱ्हाइकाला आधी माल. अशा कंपनीचं कार्यरत भांडवल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) इतरांशी ताडताना ती "मागे" दिसते. मागे नसते.

किंमत आणि पुस्तकी मूल्य (म्हणजे तेच नक्त मूल्य) यांचं गुणोत्तर मी आधी हसण्यावारी नेत असे, कारण रिटेलमध्ये पुस्तकात असतं काय? भाड्याच्या जागेतलं फर्निचर आणि पंख्याखाली सुकणारा माल. पण डीमार्टची बरीचशी दुकानं मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याच्या जागेवर आहेत, आणि जमीन ताळेबंदात खरेदीच्या किमतीलाच राहते. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीचा भाव आज काय असेल याचा अंदाज पुण्यात राहणाऱ्या कुणालाही बांधता येईल. मार्च २०२५ ला नक्त मूल्य सुमारे २१,४०० कोटी. बाजारमूल्य त्याच्या साडेबारापटीच्या जवळ. गुंतवणुकीचे जुने अमेरिकन गुरू बेंजामिन ग्रॅहम यांनी सावध गुंतवणूकदाराला घालून दिलेली मर्यादा अशी की पीई आणि हे गुणोत्तर यांचा गुणाकार २२.५ च्या वर नको. इथे तो बाराशेच्या पुढे जातो. ग्रॅहम यांना हे दाखवलं असतं तर त्यांनीही पाणी मागितलं असतं. जमिनीची किंमत तिप्पट धरली तरी फारसा फरक पडत नाही, हे मात्र करून बघण्यासारखं आहे.

आणि भाड्याच्या दुकानांचं काय? इथे आकडे सरळसरळ फसवतात. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे इंड एएस ११६ हा नियम आला. त्याआधी भाडं हा साधा खर्च होता. नियमानंतर दीर्घ भाडेकरार ताळेबंदात देणं म्हणून दिसू लागला आणि भाड्याची रक्कम घसारा आणि व्याज या दोन खात्यांत विभागली गेली. एबिटडा म्हणजे घसारा, व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा. मग काय, भाडं त्या रेषेच्या खाली गेलं आणि भाड्याच्या दुकानांवर चालणाऱ्या कंपन्यांचा एबिटडा रातोरात फुगला, गल्ल्यात एक रुपया जास्त न येता. घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढाच चेक नेत होता. तेव्हा ट्रेंटसारखी प्रामुख्याने भाड्याच्या जागेत वेस्टसाइड आणि झुडिओ चालवणारी कंपनी आणि जमीन विकत घेऊन बसणारं डीमार्ट यांची तुलना एबिटडावरच्या गुणोत्तराने करणारा लेख दिसला, की मी पुढे वाचत नाही.

स्वस्त पीईची कहाणीही इथेच सांगायला हवी. मार्च २०१९ मध्ये फ्यूचर रिटेलचा पीई डीमार्टच्या निम्म्याहूनही कमी होता. कागदावर तोच शेअर शहाण्याचा. पण तो नफा भाड्याच्या जागेवर आणि कर्जाच्या टेकूवर उभा होता, आणि त्या समूहातल्या इतर कंपन्यांची ओझीही मागे होती. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली, भाडं आणि व्याज बंद झालं नाही. पीईच्या भागाकारात कर्ज कुठेच येत नाही. खाली नफा, वर भाव, सावकार दाराबाहेर. दोन दुकानांचे पीई शेजारी ठेवायचे तर मधे कर्जाची एक ओळ लिहावीच लागते.

एवढं बोलणं झाल्यावर भाच्याने लॅपटॉप उघडला. उलटा हिशोब मांडायचं ठरलं. शेअर स्वस्त की महाग हे विचारण्याऐवजी, ४,०८० हा भाव खरा ठरायला काय काय घडायला हवं, ते विचारायचं. दहा वर्षांनी पीई ४० वर येईल असं धरलं, कारण हजार दुकानांची कंपनी कायम ९८ वर राहील हे त्यालाही पटेना. आणि वर्षाला १२ टक्के परतावा हवा. मग नफा दहा वर्षांत साडेसात पट व्हायला लागतो, म्हणजे दर वर्षी २२ टक्क्यांहून जास्त वाढ, दहाही वर्षं. मार्च २०२० ते मार्च २०२५ या पाच वर्षांत विक्री वर्षाला १९ टक्क्यांनी वाढली आणि नफा १६ च्या जरा आत. शेवटच्या वर्षात विक्री १७ टक्के, नफा पावणेसात.

"४० फार कमी धरला, मामा. ६० धरू."

६० धरला. वाढ १५ टक्के टाकली. उत्तर आलं वर्षाला साडेनऊ. पोस्टाच्या योजनांपेक्षा थोडं वर, आणि झोप मोडायची ती मोडणारच. वाढ १८ केली की परतावा १२ च्या वर जातो. त्याला १८ आवडलं. मी म्हटलं, ठेव, पण शेजारच्या रकान्यात कारण लिही.

तो लिहायला लागला तसा अडत गेला. कंपनी लाभांश देत नाही, आजवर दिलेला नाही. सगळा नफा धंद्यात परत जातो. चांगलंच आहे. पण भांडवलावरचा परतावा २०२४-२५ मध्ये तेरा-साडेतेरा टक्के होता. बाहेरून पैसा न आणता, कर्ज न काढता, स्वतःच्या नफ्यावर वाढणारी कंपनी कायम त्याच्या पुढे धावू शकत नाही. १८ हवं तर एक तर हा परतावा वाढायला हवा, नाहीतर पुन्हा शेअर विकायला हवेत. मग दुकानांची संख्या. २०२४-२५ मध्ये ५० नवी दुकानं निघाली, ३६५ ची ४१५ झाली. ४१५ वर पन्नास म्हणजे बारा टक्के वाढ. हजार दुकानं झाली की तीच पन्नास म्हणजे पाच टक्के. तेव्हा वर्षाला सव्वाशे उघडावी लागतील, आणि जमीन विकत घेऊन उघडायची तर तेवढ्या जागा आणि तेवढे पैसे दोन्ही लागतील.

"पुण्यात अजून किती बसतील?" त्याने विचारलं, आणि मग आमचा अर्धा तास त्यातच गेला. त्याच्या मते रिंग रोड झाला की दुपटीने बसतील. माझ्या मते पहिल्यापासून चार किलोमीटरवर दुसरं काढलं की पहिल्याचं गिऱ्हाईक फुटतं; एकूण विक्री वाढते, पण जुन्या दुकानांची वाढ मंदावते. कंपनी दोन वर्षांहून जुन्या दुकानांच्या वाढीचा आकडा वेगळा देते तो यासाठीच, आणि मला विचाराल तर तिमाहीच्या निकालात सगळ्यात आधी तोच बघावा. त्याने शीटमध्ये त्या आकड्यासाठी ओळ घातली. वाढ १८ ची १६ केली. परतावा १०.४ झाला. मग त्याने उलट दिशेने ६० च्या पीईला आजचा भाव काढला, जवळपास २,५००, आणि वैतागून म्हणाला, "या भावाला कधी येणारच नाही. आणि २०१७ ला ६४० वर पण तुम्ही हेच गणित मांडून मला थांबवलं असतंत."

"थांबवलं असतं बहुतेक," मी म्हटलं. "पण तेव्हा दुकानं १३१ होती."

ती ओळही त्याने शीटमध्ये घातली, वरून दुसरी.